आल्तेरची पागा: दोन वळूंवर पुन्हा उभी राहिलेली घोड्यांची जात

पोर्तुगालच्या दक्षिण भागात आलेंतेजो नावाचा मोकळा, कोरडा मुलूख आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जून सरेपर्यंत गवत वाळून पिवळे पडते आणि साल काढलेली बुचाची झाडे तांबड्या बुंध्यांनी दूरदूर उभी दिसतात. स्पेनच्या सरहद्दीपासून फार लांब नसलेले आल्तेर दो शांव हे छोटे गाव याच मुलखात आहे. सबंध तालुक्याची वस्ती सुमारे ३,०००. गावाच्या मधोमध पेद्रू पहिला या राजाने १३५९ साली बांधलेला किल्ला आहे, आणि थोड्या अंतरावर सेदा नदीवर सहा कमानींचा रोमन पूल अजून उभा आहे. तरुण मंडळी लिस्बनला निघून जातात, मागे म्हातारी माणसे राहतात. आलेंतेजोतल्या बहुतेक गावांची हीच गत आहे.

घोड्यांचे गाव म्हटले की पोर्तुगीज माणूस आधी गोलेगांचे नाव घेतो. तिथे नोव्हेंबरात, सां मार्तिन्यूच्या सणाला, राष्ट्रीय अश्वजत्रा भरते. पण गोलेगां हा बाजार आहे. आल्तेर ही घोड्यांची पैदास करणारी पागा आहे, आणि १७४८ सालापासून आहे.

या पागेत 'आल्तेर रेआल', म्हणजे आल्तेरचा राजघोडा, नावाची वंशरेषा जपली जाते. आज ती लुसितानो या मोठ्या पोर्तुगीज जातीचाच एक भाग मानली जाते. ही रेषा एकदा जवळजवळ संपली होती. ती कशी संपत आली, कोणी सावरली आणि सावरताना कोणते देणे मागे राहिले, हे या लेखात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. या घोड्यांचे सर्वांत मोठे नुकसान शत्रूने केले नाही. ते केले घोडा 'सुधारायला' निघालेल्या आपल्याच माणसांनी. त्यातल्या बहुतेकांचा हेतू चांगला होता, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट समजून घ्यावेसे वाटते.

राजाला कसला घोडा हवा होता

जुआंव पाचवा हा राजा १७०६ ते १७५० गादीवर होता. मराठी वाचकाला हा काळ वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे: याच राजाच्या कारकिर्दीत, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. इकडे उत्तर कोकण हातचे गेले तरी तिकडे ब्राझीलच्या खाणींतले सोने लिस्बनमध्ये येत होते आणि दरबाराचा थाट वाढतच होता. वसई पडल्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे १७४८ साली, आल्तेरजवळच्या आर्नेइरोच्या राखीव रानात ब्रागांझा या राजघराण्याची पागा उभी राहिली. सुमारे ८०० हेक्टर जमीन. माद्या आणल्या अंदालुसियातून. राजाचा मुलगा जोझे, जो पुढे १७५० साली गादीवर आला, घोड्यांचा निस्सीम शौकीन होता.

पागा काढण्यामागचा हेतू अगदी नेमका होता. पल्ल्याचा घोडा, शेताचा घोडा, तोफा ओढणारा घोडा यांपैकी काहीही नको होते. राजाच्या अश्वशाळेत उच्च प्रतीच्या रपेटीची कसरत करू शकेल असाच घोडा हवा होता. या कसरतीत घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो, पुठ्ठा खाली बसवतो आणि पुढचा भाग हलका करतो. मग तो जागच्या जागी दुडकी मारू शकतो, मागच्या पायांवर तोल सांभाळत पुढचे पाय दुमडून स्थिर उभा राहू शकतो, किंवा हवेत झेप घेऊन त्याच क्षणी मागचे पाय झाडू शकतो. हे करायला आखूड, मजबूत पाठ लागते, मागच्या पायांचे सांधे सहज दुमडावे लागतात, मान उंचावर बसवलेली लागते. शिवाय स्वभाव तापट पण स्वाराकडे कान देणारा हवा. आल्तेरचा घोडा आजही चटकन पेटणारा समजतात. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, हाताखाली मुरलेला स्वारच पाहिजे.

त्या काळी राजाच्या अश्वशाळेचा प्रमुख होता चौथा मार्क्विस मारियाल्वा. त्याचा दबदबा इतका की पोर्तुगीज धाटणीच्या रपेटीला आजही 'मारियाल्वाची कला' म्हणतात. १७९० साली लिस्बनमध्ये छापलेल्या एका सचित्र ग्रंथात या रपेटीचे बारकावे, खोगिरापासून स्वाराच्या पोशाखापर्यंत, नोंदवून ठेवले गेले. जवळजवळ दोनशे वर्षांनी ते फार उपयोगी पडणार होते.

लिस्बनच्या नदीकाठच्या मोठ्या चौकात जोझे राजाचा अश्वारूढ पुतळा आहे, माशादू दे काश्त्रूने घडवलेला, १७७५ साली बसवलेला. पुतळ्यासाठी ज्या घोड्याला समोर ठेवले त्याचे नाव जेंतिल, आणि तो आल्तेरचा होता असे सांगतात. पुतळ्याचा घोडा जवळून पाहिला तर पागेचे सगळे उद्दिष्ट त्यात दिसते: कमान घेतलेली जाड मान, गोल भरलेला पुठ्ठा, उचललेला पुढचा पाय.

नुकसान कुठे झाले

नोव्हेंबर १८०७ मध्ये ज्युनोच्या हाताखालची फ्रेंच फौज पोर्तुगालमध्ये शिरली. राजघराणे जहाजात बसून ब्राझीलला गेले. पागा लुटली गेली, उत्तम जनावरे पळवली गेली. आल्तेरचे काही रक्त समुद्रापारही पोहोचले. ब्राझीलच्या मांगालार्गा मार्शादोर जातीचे पैदासकार आपल्या घोड्यांचे मूळ आल्तेरच्या एका वळूपर्यंत, म्हणजे पैदाशीच्या नरापर्यंत, नेतात. पुढे १८३४ साली यादवी संपली, दों मिगेल राजाला गादी सोडावी लागली, पागेची बरीच जमीन जप्त झाली आणि राजाची अश्वशाळा बंद पडली.

लूट मोठी होती, पण तिच्यातून कळप सावरला असता. दहा माद्या उरल्या तरी त्या त्याच रक्ताच्या असतात, संख्या हळूहळू वाढवता येते. १८३४ नंतर मात्र घोडा ज्या कामासाठी होता ते कामच उरले नाही. राजाची रपेट नाही, म्हणून रपेटीचा घोडा नको. मग हा कळप करायचा काय?

एकोणिसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांनी या प्रश्नाला त्यांच्या काळाचे उत्तर दिले. घोडदळाला लांब टापेचा, मैदानात पळणारा घोडा हवा होता. म्हणून इंग्लिश थरोब्रेड, म्हणजे शर्यतीचा घोडा, आणला. अंगाने मोठा, ओढकामाला बरा घोडा हवा, म्हणून नॉर्मन आणि हानोव्हरचे रक्त घातले. पुढे अरबी घोड्यांची लाट सबंध युरोपात आली, तशी ती आल्तेरलाही आली आणि भरमसाट अरबी रक्त मिसळले गेले. शतक संपत आले तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की हा घोडा आता ना धड इकडचा राहिला ना तिकडचा. मग दुरुस्ती म्हणून पुन्हा अंदालुसियाचे वळू आणले.

प्रत्येक निर्णय एकेकटा पाहिला तर पटतो. घोडदळाला पळणारा घोडा हवा यात चूक काय? पण एकापाठोपाठ असे चार निर्णय झाले की कळपात काय शिल्लक राहते ते पाहा. संकराच्या पहिल्या पिढीत अर्धे रक्त जाते. त्या पिढीच्या माद्यांवर पुन्हा बाहेरचाच वळू घातला की मूळचे चौथा हिस्सा उरते, आणखी एकदा घातला की आठवा. तीन वेळा वळू बदलला की पागेचे नाव तेच, जमीन तीच, अंगावर तापल्या लोखंडाने उठवलेला डाग तोच, पण घोडा दुसराच. लुटीत जनावरे जातात आणि ती गेलेली दिसतात. संकरात गोठा भरलेला असतो, म्हणून काही गेले आहे हे वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही.

ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही संपली आणि पागा लष्कराकडे गेली. राजाशी जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्या काळात राग होता. घोड्यांच्या इतिहासावर लिहिणारे अनेक जण सांगतात की याच काळात पागेची वंशावळीची कागदपत्रे जाळली गेली. मला सगळ्यात जास्त हळहळ या घटनेची वाटते. ज्या कळपात चार प्रकारचे रक्त मिसळले आहे, त्यात कोणती घोडी जुन्या रेषेच्या जवळची आहे हे फक्त वहीवरून कळते. वही गेली की उरतो डोळा.

डोळा असलेला माणूस

तो डोळा होता रुई दांद्राद यांच्याकडे. जन्म १८८०, मृत्यू १९६७. जमीनदार, कृषितज्ज्ञ, घोड्यांच्या उत्पत्तीवर आयुष्यभर लिहिणारा अभ्यासक. एल्वासजवळ त्यांची मोठी शेतवाडी होती आणि स्वतःच्या घोड्यांची नामांकित पैदास होती. आल्तेरच्या कळपात जुन्या ठेवणीची जी मोजकी जनावरे उरली होती ती त्यांनी हेरली. दोन वळू आणि थोड्या माद्या एवढ्यावर त्यांनी हा वंश आपल्याकडे धरून ठेवला. १९४२ साली पागा लष्कराकडून शेती खात्याकडे आली, तेव्हा हा छोटा कळप पुन्हा आल्तेरला पोहोचला आणि आजच्या पागेची पायाभरणी त्यावर झाली.

सरकारी कळप बिघडत असताना खरा वंश एका खाजगी शेतवाडीत टिकला, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते. दांद्राद यांना कोणाचा हुकूम पाळायचा नव्हता, घोडदळाची मागणी पुरवायची नव्हती. घोड्याचा उपयोग काय, असे त्यांना विचारणारेही कोणी नव्हते. हेच त्यांनी आणखी एकदा केले. १९२० साली कोरूशजवळ सोराइया नदीच्या परिसरात त्यांना धुरकट रंगाच्या, पाठीवर काळी रेघ असलेल्या रानटी घोड्यांचा कळप दिसला. पुढे १९३७ मध्ये त्यांनी सात माद्या आणि चार वळू गोळा करून सोराइया घोडा वाचवला. सोराइयाचे घोडेही आज आल्तेरच्या पागेत सांभाळले जातात.

दोन वळूंचे गणित

दोन वळूंवर कळप उभा करणे म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत मांडल्याशिवाय या यशाची किंमत कळत नाही.

पैदासशास्त्रात कळपाचा 'परिणामी आकार' काढतात. नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याला चाराने गुणायचे आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागायचे. दोन वळू आणि वीस माद्या असतील तर १६० भागिले २२, म्हणजे सव्वासातच्या आसपास. बावीस घोडी-घोडे दिसतात, पण वंशाच्या हिशेबात ती सात जनावरे. मग माद्या वाढवल्या तर? दोन वळू आणि शंभर माद्या धरा: ८०० भागिले १०२, म्हणजे ७.८. माद्या हजार केल्या तरी आकडा आठाच्या पुढे जात नाही. दोन वळूंची ही मर्यादा माद्यांनी कधीच भरून निघत नाही.

आठ आकाराच्या बंद कळपात दर पिढीला सगोत्रता, म्हणजे नात्यातल्या जोड्यांमुळे येणारे रक्ताचे साम्य, सव्वासहा टक्क्यांनी वाढते. सावत्र भावा-बहिणीच्या जोडीतून झालेल्या शिंगराची सगोत्रता साडेबारा टक्के असते. म्हणजे फक्त दोन वळूंवर दोन पिढ्या काढल्या की सबंध कळप जवळपास त्या पातळीला पोहोचतो. घोड्याची एक पिढी सुमारे दहा वर्षांची. वीस वर्षांत एवढे देणे चढते, आणि ते कळप वाढवून फिटत नाही. बाहेरचे रक्त आणले तरच फिटते. पण बाहेरच्या रक्तानेच तर हा घोडा बुडाला होता.

पेच इथे आहे. दार उघडले तर घोडा हरवतो आणि दार बंद ठेवले तर तो आतून क्षीण होतो. माझ्या मते आल्तेरला यातून पूर्ण सुटका नाही. रोज हिशेब ठेवत चालणे एवढेच हातात आहे: कोणत्याही एका वळूला फार माद्या द्यायच्या नाहीत, जवळच्या जोड्या टाळायच्या, विसरलेल्या शाखेतली एखादी म्हातारी घोडीसुद्धा वाया घालवायची नाही.

हा हिशेब आता पुन्हा ठेवता येतो. गावातच आनुवंशिकीची प्रयोगशाळा आहे आणि शिंगराचे आईबाप तपासणीने पडताळले जातात. एकेकाळी जिथली वंशावळ जाळली गेली, त्याच गावात आज हे काम चालते, याचे मला मोठे समाधान वाटते.

रंग, डाग आणि अक्षर

आल्तेरचा कळप पाहताना पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो एकसारखा रंग. जवळपास सगळी जनावरे कुमैत: तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, काळी शेपटी, गुडघ्याखाली काळे पाय. पांढऱ्याशुभ्र, पिवळे पट्टे ओढलेल्या बैठ्या इमारतींसमोर माद्यांचा घोळका उभा असतो तेव्हा एकच घोडी वीसदा पाहिल्यासारखे वाटते.

असा एकसारखा रंग राखण्यातही आनुवंशिकतेचा हिशेब आहे. सबजा, म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणारा रंग, लपून राहत नाही. आईबापांपैकी एक तरी सबजा असल्याशिवाय सबजे शिंगरू होत नाही. त्यामुळे तो कळपातून काढायला एक पिढी पुरते. तांबडा रंग उलट आहे. तो कुमैत घोड्यात पिढ्यान् पिढ्या लपून राहतो आणि दोन्हीकडून आला की अचानक तांबडे शिंगरू जन्मते.

घोड्याच्या मांडीवर ए आणि आर ही दोन अक्षरे आणि वर मुकुट असा डाग असतो. राजा गेला, प्रजासत्ताक आले, पागा अनेक हातांतून फिरली, पण मुकुट तसाच आहे. नावांचीही एक रीत आहे, ती सगळ्या पोर्तुगीज लुसितानोंना लागू आहे. दर वर्षाला एक अक्षर ठरलेले असते आणि त्या वर्षीच्या प्रत्येक शिंगराचे नाव त्याच अक्षराने सुरू होते. के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरे वगळतात, म्हणून तेवीस वर्षांनी चक्र पुन्हा फिरते. १९९८ हे आर चे वर्ष होते. त्या वर्षी आल्तेरमध्ये जन्मलेल्या रुबीने गोंसालू कार्व्हाल्यू या स्वाराखाली २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजच्या, म्हणजे रपेटीच्या कसरतींच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. नाव ऐकले की जाणकार माणूस मनातल्या मनात घोड्याचे वय मोजतो.

घोड्याला काम मिळाले

कळप सावरला तरी १८३४ चा प्रश्न तसाच होता: हा घोडा करणार काय? त्याचे उत्तर १९७९ साली मिळाले. गिल्येर्मे बोर्बा यांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज अश्वकला विद्यालय सुरू झाले. नूनू ऑलिव्हेइरा या थोर अश्वगुरूंनी जी परंपरा आपल्या शिष्यांतून जिवंत ठेवली होती, तिला घर मिळाले. विद्यालयाने घोडे घेतले ते आल्तेरचेच. स्वारांचे मद्यरंगी कोट, त्रिकोणी टोप्या, खोल बैठकीची जुनी खोगिरे हे सगळे अठराव्या शतकातल्या चित्रांबरहुकूम केले गेले. १७९० च्या त्या ग्रंथातली पाने अशी पुन्हा चालायला लागली. विद्यालय आधी केलुझच्या राजवाड्याच्या बागेत होते, २०१५ पासून त्याचे प्रयोग लिस्बनच्या बेलेंमध्ये होतात. बेलेंमधल्या जुन्या राजेशाही अश्वशाळेत मात्र आता घोडे नाहीत. १९०५ साली राणी अमेलीने तिथे बग्ग्यांचे संग्रहालय उघडले होते.

म्हणजे पागेला पुन्हा उद्दिष्ट मिळाले, आणि तेही मूळचेच. पण गिऱ्हाईक एकच. हा अडचणीचा भाग पैशाच्या बाजूने लगेच दिसला. २००७ साली पागा चालवायला आल्तेर रेआल प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच सुमारास पोर्तुगाल मोठ्या आर्थिक संकटात सापडला. २०१३ मध्ये प्रतिष्ठान गुंडाळले गेले आणि कारभार कंपान्या दाश लेझीरियाश या सरकारी शेती कंपनीकडे आला. ही १८३६ सालची कंपनी, तेजो नदीकाठची हजारो हेक्टर जमीन सांभाळणारी, आणि स्वतःही लुसितानोंची पैदास करणारी. निदान घोडा म्हणजे काय हे जाणणाऱ्या हातांत पागा गेली. २०२० साली पागेतल्या काही जुन्या इमारतींत हॉटेल सुरू झाले. मला हा तोडगा चांगला वाटतो, कारण पाहुण्यांच्या पैशासाठी घोडा बदलावा लागत नाही. घोडा जसा आहे तसाच पाहायला ते येतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने पोर्तुगालची अश्वकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आता खरा निर्णय दर वर्षी एप्रिलमध्ये होतो. महिन्याच्या अखेरीस, सां मार्कुशच्या जत्रेच्या सुमारास, पागेत लिलाव असतो. देशभरातून आणि बाहेरूनही पैदासकार येतात. एकेक तरणा घोडा रिंगणात फिरवला जातो, बोली चढते, हातोडा पडतो. लोकांचे लक्ष विकल्या जाणाऱ्या घोड्यांकडे असते. पण वंशाच्या दृष्टीने महत्त्वाची यादी दुसरीच असते: कोणते घोडे विकायचे नाहीत, कोणता विद्यालयात जाणार, आणि कोणत्या एक-दोघांना वळू म्हणून ठेवून माद्या द्यायच्या. २०२७ साली जन्मणाऱ्या शिंगरांची नावे झेड ने सुरू होतील, २०२८ मध्ये पुन्हा ए येईल. त्या वर्षीच्या शिंगरांचे बाप कोण असावेत, याची निवड पागेत आजच चालू आहे.